बाळंतिणीची खोली

पाळणाघराच्या दारात चपलांचा ढीग होता, आणि एकही चप्पल तळहातापेक्षा मोठी नव्हती. सून उंबऱ्यातच थबकली. कडेवरची पोर मात्र आत बघायला एवढी वाकली की तिला दोन्ही हातांनी धरावं लागलं.

आत म्हणजे सोसायटीची जुनी तोलाईची खोली. भिंतीवर खडूनं लिहिलेले वजनाचे आकडे पुसट दिसत होते. खाली सतरंज्या. एक पोर रडत होतं, एकाच्या नाकाची धार ओठापर्यंत आलेली, दोघं एकाच वाटीत हात घालून भांडत होते. मधोमध मावशी बसलेली. तिच्या मांडीवर एक निजलेलं, आणि मोकळ्या हातानं ती दुसऱ्याचं ढुंगण पुसत होती.

"ये की आत. पोरं चावत नाहीत," मावशी म्हणाली. "म्हणजे तो कोपऱ्यातला चावतो, पण त्याला दात दोनच आहेत."

सासू हसली. सून हसली नाही. ती त्या नाकाकडे बघत होती.

"पैसे फार नाहीत. निम्मे सोसायटी भरते. आणि सोसायटीला काही पुण्य कमवायचं नव्हतं हं. हंगामात बाया कामाला येईनात, माल शेडमध्ये सडला, तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला." मावशीनं पुसलेलं पोर खाली सोडलं. "फक्त येताना तुझ्या डोक्याचं फडकं आण. न धुतलेलं. त्यावर झोपतात ही."

"न धुतलेलं?"

"धुतल्यावर त्यात तू कुठं राहणार? साबणाला कोण बिलगतंय?"

परतीच्या वाटेवर सून म्हणाली, "आई, मला नाही पटत. एकाच सतरंजीवर सगळी. त्या मुलाचं नाक बघितलंत ना?"

"पोरांची नाकं वाहतातच. तुझ्या नवऱ्याचं शाळेत जाईपर्यंत वाहत होतं."

"तसं नाही... तुम्ही आहातच की घरी."

सासूनं पदर सावरला आणि चालता चालता वाकून वाटेतला एक दगड बाजूला टाकला.

सासू तोवर घरी बसलेली नव्हतीच. सून या घरात आली त्याच्या कितीतरी आधीपासून ती रोपवाटिकेत कलमं बांधत होती. खाली वांग्याचं रोप, मुळानं दणकट, वर टोमॅटोचं. दोन्ही तिरकी कापायची, कापावर काप बसवायचा आणि वर नखाएवढा रबरी चिमटा लावायचा. हे एकटीचं काम नव्हे. एकीनं कापायचं, दुसरीनं चिमटा. सासूची जोडी शेजारच्या काकीशी. सासूचं पातं चाललं की काकीची बोटं चालायची. दोघींना एकमेकींकडे बघावंही लागत नसे. मजुरी ट्रेवर, आणि ती जोडीला मिळायची, एकटीला नाही.

सून पदवीधर. फळांच्या पॅकिंग शेडमध्ये वजनकाट्यावर जागा निघाली तेव्हा नवरा म्हणाला होता, "हिला खुर्ची मिळतेय आई. पंखा आहे डोक्यावर. शिकली ती कशासाठी?" आणि पाळणाघर बघून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सासूनं आपलं पातं कापडात गुंडाळून फळीवर ठेवून दिलं होतं. किती मिळत होतं तुम्हाला, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. सुनेनं पहिला पगार आणला तेव्हा सासूनं तो हातात घेऊन नुसतं "छान" म्हटलं. सासूची ट्रेची मजुरी त्याहून जास्त होती, हे सुनेला पुढे काकीकडून कळलं. काकीची कमाई तर उगाचच बुडाली. जोडी मोडल्यावर तिला माती भरायच्या कामाला लावलं, आणि ती भेटेल तिथं टोमणा मारायची, "काय सूनबाई, काटा बरोबर दाखवतो ना?"

त्या वर्षी ऐन लागवडीत गारा पडल्या. पाव तास पडल्या असतील, पण शेतात लावलेली कोवळी रोपं चटणीसारखी ठेचली गेली. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, नवी रोपं पाहिजेत, लवकर पाहिजेत. त्याच सुमारास नवऱ्याचा टेम्पो गिअरबॉक्स मोडून बसला. सुटा भाग शहरातून यायचा होता, तो येईना. नवरा सकाळी गॅरेजात जायचा आणि संध्याकाळी हात काळे करून यायचा.

काकी एका सकाळी चहा न घेताच ओसरीवर येऊन उभी राहिली.

"मालक जोड्या शोधतोय. गावोगाव फिरला. मला म्हणाला, तुझ्या जोडीदारणीला आण, ट्रेमागं वाढवून देतो."

"आणि हिला कोण बघणार?" सासूनं पोरीच्या तोंडातला खडू काढून घेतला.

"तुझा मुलगा काय करतो दिवसभर?"

"टेम्पो दुरुस्त करून घेतोय."

"टेम्पो पळून जातोय का? त्याच्यापाशी बसून राहायला लागतंय ते?"

सून आतून डबा भरता भरता ऐकत होती. नवरा पोर सांभाळील, ही गोष्ट काकी बोलेपर्यंत तिच्याही मनात आली नव्हती. बोलल्यावरही ती मनात राहिली नाही. तिनं डब्याचं झाकण लावलं, पोरीचा पापा घेतला आणि "येते आई" म्हणून निघाली. फाटकापाशी वळून बघितलं तर सासू फळीकडे बघत होती.

शेडमध्ये दिवस वाईट चालले होते. गारांनी डागलेलं फळ निवडून काढायचं, उरलेलं तोलायचं. पोरीला ताप आला म्हणून सून मागे दोनदा घरी राहिली होती; मुकादमीण ते विसरली नव्हती. सगळ्यांसमोर म्हणायची, "मॅडम आल्या का? आल्या. चला, आज काटा चालू." एकदा जवळ येऊन हळूच म्हणाली, "आणखी एक खाडा झाला ना, तर माझी भाची बसेल खुर्चीवर. तिला मूलबाळ नाही." सुनेनं मान हलवली आणि क्रेट काट्यावर सरकवला. क्रेट तिरका बसला, आकडा नाचत राहिला.

संध्याकाळी तिनं पोरीला उचललं तर मानेवरचे केस ओले.

"न्हाऊ घातलं दुपारी," सासू म्हणाली. "उकडत होतं फार."

दुसऱ्या दिवशीही ओले. अंगाला मातीचा, दमट पालापाचोळ्याचा वास. रोज न्हाणाऱ्या पोरीच्या अंगाला साबणाचा वास यायला हवा. हाताची बोटं सुरकुतलेली, फार वेळ पाण्यात खेळल्यासारखी. मानेच्या घडीत बारीक लाल पुरळ उठला. सुनेनं तो बघितला, त्यावर पावडर लावली. तिसऱ्या दिवशी सासूच्या नखांच्या कडा काळ्या-हिरव्या दिसल्या. टोमॅटोच्या पाल्याचा डाग तसाच असतो. लिंबू घासलं तरी नखात राहतो. सासू जेवताना तो हात ताटाच्या कडेआड ठेवत होती. फळीवर पात्याची कापडी गुंडाळी होती, पण तिच्या दोरीची गाठ आता नव्या बाजूला होती.

सुनेच्या तोंडात प्रश्न आला होता. विचारला असता तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळाल्यावर उद्या खुर्चीवर बसता आलं नसतं. तिनं विचारलं, "भात वाढू का आई?"

"वाढ थोडा."

रोज सकाळी निघताना ती पोरीच्या मानेला जास्त पावडर लावू लागली.

मग एके दिवशी भरदुपारी शेडची वीज गेली. ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणून मुकादमिणीनं सगळ्यांना घरी सोडलं. सून भराभर चालत आली. दाराला कुलूप होतं. समोरच्या घरातली म्हातारी दारात धान्य पाखडत होती. तिनं सूपही थांबवलं नाही.

"रोपवाटिकेत असतील. रोज तर जातात पोरीला घेऊन. तुला ठाऊक नाही?"

"आहे ना," सून म्हणाली. का तसं म्हणाली ते तिलाच कळलं नाही. वळणापर्यंत ती चालत गेली, आणि म्हातारीच्या नजरेआड झाल्यावर पळू लागली.

हिरव्या जाळीच्या सावलीत लांब बाकं मांडलेली. बायका माना खाली घालून बसलेल्या, पात्यांचा कचकच आवाज. सासू आणि काकी टोकाच्या बाकावर. सासूचा हात एवढा वेगानं चालला होता की सून क्षणभर बघतच राहिली. घरी हा हात तिनं नुसता भांड्यांवरून आणि पोरीच्या पाठीवरून फिरताना बघितला होता. मग सासूनं वर बघितलं. पातं रोपातच अडकून राहिलं.

"पोर कुठाय?"

सासू पातं सोडवू लागली. काकीच म्हणाली, "अगं झोपलीय गाढ. बाळंतिणीच्या खोलीत."

बाकांच्या मागे ती खोली होती. बांधलेली कलमं आधी तिथं जायची, जखम भरेपर्यंत. अंधार, ऊब, भिंतींवर पाण्याचं धुकं, दाराला आतून प्लॅस्टिकचे पडदे. वारा नको, उजेड नको. म्हणून बायकांनी तिला हे नाव दिलं होतं, आणि त्या नावानंच ती ओळखली जायची. मालकसुद्धा म्हणायचा, हे दहा ट्रे बाळंतिणीकडे ने. अशा खोलीत लेकरू निजवायला कुणाला काही वावगं वाटलं नाही. रिकाम्या क्रेटमध्ये गोधडी घालून सासू पोरीला तिथं ठेवायची, आणि दर थोड्या वेळानं उठून बघून यायची.

सुनेनं दाराची कडी काढली आणि पडदा ओढला. बाहेरच्या उजेडाची पट्टी आत पडली.

"दार पुरतं उघडू नको," सासू मागून म्हणाली. "वारा लागेल."

वारा लागेल म्हणजे रोपांना. इतक्या वर्षांची सवय तोंडातून निघून गेली. बोलल्यावर सासूनं हात तोंडावर धरला. काकी खाली बघू लागली. सुनेनं दार भिंतीवर आपटेल इतकं उघडलं.

क्रेट रिकामा होता. गोधडी ओली, चुरगळलेली.

ट्रे ठेवलेल्या मांडण्यांखाली अंधारात काही दिसत नव्हतं. सून गुडघ्यांवर बसली, मग पोटावर. चिखल, पाणी, लोखंडी पाय. तिचा खांदा लागून वरचा एक ट्रे कलंडला, मग दुसरा. "बाळा," ती म्हणाली. शेवटच्या मांडणीखाली काहीतरी मऊ हाताला लागलं. पोर बसलेली होती. रडत नव्हती. ओली, शांत, गाल फुगवून मन लावून काही चघळत होती.

सून तिला ओढून उजेडात आणेपर्यंत सासू पुढे झाली. तिनं एका हातानं पोरीचा जबडा धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट गालाच्या आत घातलं. बोटावर एक चिमटा आला. मग आणखी एक. मग आणखी एक, टाळूला चिकटलेला. तो निघाला तेव्हा पोर पहिल्यांदा रडली.

सासू ते तीन चिमटे तळहातावर घेऊन उभी राहिली. ओले, नखाएवढे.

"द्या तिला इकडे," सून म्हणाली. पोर तिच्याच कडेवर होती.

सून दुसऱ्या दिवशी शेडवर गेली नाही. त्यानंतरही गेली नाही. भाची खुर्चीवर बसल्याचं नवऱ्यानं येऊन सांगितलं. आडवे झालेले आणि उजेड लागलेले ट्रे सुकले. मालकानं ते जोडीच्या मजुरीतून कापले आणि दोघींना घरी बसवलं. काकीही त्यात भरडली गेली, पण या वेळी तिनं टोमणा मारला नाही, आणि ते जास्त लागलं.

घरात तीन मोठी माणसं आणि एकाचीही कमाई नाही. नवरा म्हणाला, "होईल काहीतरी." एका दुपारी त्यानं पोरीला अंगणात फिरवलं आणि ती रडल्याबरोबर आत आणून दिली. "हिला भूक लागलीय."

"आत्ता जेवलीय ती."

"मग झोप आली असेल. मला काय कळतंय?"

सासू पोरीला हात लावत नव्हती. पोर भिंतीला धरून तिच्याकडे जायची, गुडघ्याला मिठी मारायची; सासू दोन्ही हात वर धरायची, जणू हाताला काही लागलंय. जेवायला बोलावल्याशिवाय यायची नाही. सून "आई, जेवायला" म्हणायची, त्यापलीकडे शब्द नव्हता. बाहेर लोक सुनेची बाजू घेत होते. पाण्याला गेली की बायका म्हणायच्या, म्हातारीला अक्कल नको का, तू म्हणून गप्प बसलीस. सून घागर भरायची. त्यांना नाही म्हणावं असं तिला फार वाटायचं, आणि घागर भरून झालेली असायची.

चौथ्या का पाचव्या सकाळी सासू अंगणात तांदूळ निवडत होती. सून समोर येऊन बसली. तिनंही मूठभर तांदूळ ओढून घेतले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

सासूचा हात थांबला नाही.

"केस ओले असायचे. तुमची नखं बघितली होती मी. गाठ बदललेली बघितली. खोलीचं नव्हतं माहीत, पण तुम्ही जाता हे माहीत होतं. मी विचारलं नाही."

"मलाही माहीत होतं," सासू म्हणाली.

"काय?"

"तुला कळलंय ते. त्या दिवशी तू भात वाढलास ना, तेव्हाच." तिनं एक खडा वेचून लांब फेकला. "मला वाटलं, ही बोलत नाही म्हणजे चालतंय हिला. मला तेवढंच पाहिजे होतं. हात नुसते शिवशिवत होते गं. गारा पडल्यावर तर झोप लागेना. लोक रोपं रोपं करतायत, आणि मी इथं वरण ढवळतेय."

"तुम्ही पाळणाघराला हो म्हणाला होतात."

"मी काय, सासू. आई तू आहेस."

पोर दोघींच्या मध्ये येऊन बसली आणि निवडलेल्या तांदळात हात घालून तिनं ते न निवडलेल्यात मिसळून टाकले. कुणी तिला अडवलं नाही.

दुपारी काकी निरोप घेऊन आली. मालकाला जोडीवाचून भागत नव्हतं. नव्या पोरींची निम्मी कलमं मरत होती. "उद्यापासून या म्हणतो. पण लेकरू आणायचं नाही. आणि उद्या नाही आलात तर दुसऱ्या गावची जोडी ठरवतो म्हणाला." मग ती सुनेकडे वळली. "तुझ्या शेडवालीची भाची पळाली म्हणे. आकड्यांचा घोळ घातला, शेतकरी अंगावर धावले. जाऊन उभी राहा. ऐकून घ्यावं लागेल, पण ऐकून घे."

रात्री सुनेनं आपलं डोक्याचं फडकं शोधून काढलं. त्यावर घामाचा पिवळा डाग होता. चार लोकांत असं कसं न्यायचं, असं वाटून तिनं ते धुतलं, वाळवलं, घडी घातली. आपण काय केलं ते तिला सकाळी पाळणाघराच्या दारातच उमगलं.

मावशीनं फडकं नाकाला लावलं. "धुतलंस."

"सवयीनं."

"जागा आहे का, ते आधी सांगा," काकी मागून म्हणाली.

"त्या दातवाल्याशेजारी आहे. बघू, दोघांत कोण कुणाला चावतं." मावशीनं पोरीला घेतलं. पोर आधी हसली, मग आईकडे बघून तिनं जो सूर लावला तो खोलीतल्या सगळ्यांच्या वर गेला. फडकं दिलं, तिनं झिडकारलं. पुन्हा दिलं, पुन्हा झिडकारलं. कोपऱ्यातली दोघं तिच्या साथीला रडू लागली. सून उंबऱ्यात उभी होती. आत जावं तर परत निघता येणार नव्हतं.

"आजी कुठाय?" मावशीनं विचारलं.

सासू बाहेर, चपलांच्या ढिगापलीकडे उभी होती. कामाला जायच्या तयारीत, डोक्याला फडकं बांधून.

"ते द्या इकडे."

"डाग आहेत त्याला," सासू म्हणाली. "पाल्याचे."

"द्या."

सासूनं गाठ सोडली. हिरवे-काळे डाग पडलेलं ते फडकं हातोहात आत गेलं. पोरीनं ते मुठीत धरलं, नाकावर ओढलं, हुंदका दिला. आणखी एक दिला. मग तोंड त्यातच खुपसून मावशीच्या खांद्यावर पडून राहिली.

सुनेनं बघितलं. बघून झाल्यावर ती वळली आणि निघता निघता तिनं दार ओढून घेतलं.

"उघडं राहू दे," सासू म्हणाली. "वारा लागू दे तिला."

सुनेनं दार पुन्हा उघडलं, भिंतीपर्यंत नेलं, खाली दगड लावला. रस्त्याच्या फाट्यापर्यंत तिघी बरोबर चालल्या. तिथून सासू आणि काकी रोपवाटिकेकडे वळल्या. सासूचं डोकं उघडं होतं. पांढऱ्या केसांवर ऊन पडलं होतं. तिनं मागे वळून बघितलं नाही, पण तिची चाल हळूहळू वाढत गेली, आणि काकी तिला गाठायला मागून भराभर निघाली.

शेडमध्ये सुनेनं जे ऐकून घ्यायचं ते उभं राहून ऐकून घेतलं. मग खुर्चीवर बसली. डोक्यावर पंखा फिरत होता. थोड्या वेळानं ती उठली, घरून आणलेलं दुसरं फडकं तिनं डोक्याला घट्ट बांधलं, आणि पंख्याचं बटण बंद केलं.

"काय मॅडम, थंडी वाजते?" मुकादमीण म्हणाली.

हमाल क्रेट आणून देईपर्यंत सुनेनं वाट बघितली नाही. स्वतःच ढिगाकडे गेली, वाकली, भरलेला क्रेट छातीशी धरून उचलला आणि काट्यावर आणून ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. दुपारपर्यंत तिचं कपाळ, मान, कानामागचे केस ओले झाले, आणि ती मधूनमधून फडक्याची कड नाकापाशी नेऊन हुंगून बघत होती, पोरीला पुरेसं झालं का.